मर्ल ओबेरॉन : गुपित माहीत झालं, आता काम बघूया

कृष्णधवल

हॉलिवूडची जुनी अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचं नाव आज निघतं ते दोन निमित्तांनी. एक म्हणजे १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स' आणि दुसरं म्हणजे तिने जन्मभर जपलेलं गुपित. २०२३ मध्ये मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेव्हा या वर्गात नामांकन मिळालेली आशियाई वंशाची पहिली अभिनेत्री म्हणून मर्लचे फोटो सगळीकडे फिरले. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. त्या चर्चेत तिच्या अभिनयाबद्दल जवळपास काहीच नव्हतं, म्हणून हा धागा.

ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरी म्हणायचे क्वीनी. वडील आर्थर थॉम्पसन इंग्लंडच्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत इंजिनिअर; पहिल्या महायुद्धात गेले. आई म्हणून जिने वाढवलं ती शार्लट, सिलोनची, मिश्र वंशाची. प्रत्यक्षात शार्लट ही आजी, आणि शार्लटची किशोरवयीन मुलगी कॉन्स्टन्स ही जन्मदात्री. पुढे कलकत्ता, काही काळ ला मार्टिनिअर शाळा, १९२८ च्या सुमारास युरोप, मग लंडनला किरकोळ भूमिका आणि तिला पुढे आणणारा निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा. ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या होबार्टला जन्म झाल्याची कथा याच काळात रचली गेली. १९७९ मध्ये ती वारली आणि १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने तिचं हिंदुस्थानी मूळ बाहेर काढलं; कॉन्स्टन्सची गोष्ट त्याच्याही नंतर कळली.

आता मुद्दा. १९८३ च्या आधी समीक्षक म्हणायचे, दिसायला अप्रतिम, पण थंड. १९८३ नंतर म्हणायला लागले, थंड का होती ते आता कळलं. मूळ शेरा कुणी तपासलाच नाही, त्याला फक्त कारण चिकटवलं. माझ्या मते तो शेराच चुकीचा आहे. मर्ल ही ऐकणारी नटी होती. समोरचा बोलत असताना तिच्या चेहऱ्यावर जे घडतं तिथे तिचं खरं काम आहे, आणि वाक्य स्वतःच्या तोंडी आलं की ती कधीकधी सावध होते. बेटी डेव्हिस किंवा मिरिअम हॉपकिन्सच्या मापाने मोजलं तर ती उणीच दिसणार, कारण त्या दोघी वाक्य फेकून दृश्य जिंकतात.

पुरावा म्हणून 'दीज थ्री' (१९३६) बघा. निर्माता सॅम्युअल गोल्डविन, दिग्दर्शक विल्यम वायलर, कॅमेरा ग्रेग टोलंड. मूळ नाटक लिलियन हेलमनचं. शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणींवर एक विद्यार्थिनी समलिंगी संबंधांचा आळ घेते, असा त्याचा विषय. सेन्सॉरने तो विषयही नाकारला आणि नाटकाचं नाव वापरायलाही मनाई केली. मग हेलमननेच पटकथेत आळ बदलला : दोघींपैकी मार्था आणि दुसरीचा, म्हणजे कॅरनचा, होणारा नवरा जो यांचं लफडं. मर्ल कॅरन, हॉपकिन्स मार्था, जोएल मॅक्रे जो. खोटं बोलणाऱ्या मुलीच्या भूमिकेसाठी बोनिटा ग्रॅनव्हिलला साहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं (तो वर्गच त्या वर्षी सुरू झाला होता), हॉपकिन्सचं कौतुक झालं, आणि मर्लच्या वाट्याला 'सात्त्विक' हा शब्द आला.

पण चित्रपट तोलून कोण धरतं ते पाहा. बदनामीचा खटला हरल्यावर कॅरनच्याच मनात जोबद्दल शंका शिरते. पटकथेतला सगळ्यात अवघड टप्पा हाच, कारण आतापर्यंत प्रेक्षक तिच्या बाजूने आहे आणि इथून ती अन्याय करणार आहे. मर्ल आवाज चढवत नाही, रडत नाही. जो बोलत असतो तेव्हा तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून किंचित खाली उतरते आणि परत वर यायला उशीर लावते. तो थांबतो, तरी तिचं ऐकणं चालूच असतं, जणू वाक्याचा उरलेला भाग अजून यायचा आहे. प्रश्न ती नंतर विचारते. शंका त्याच्या आधीच आपल्याला दिसलेली असते.

'द डार्क एंजल' (१९३५), ज्याच्यासाठी नामांकन मिळालं, त्यातही बळ हेच. युद्धात आंधळा झालेला प्रियकर खोलीतल्या वस्तूंच्या जागा पाठ करून आपलं आंधळेपण तिच्यापासून लपवतो. प्रेक्षकाला ते माहीत आहे, तिला नाही. फ्रेड्रिक मार्चकडे दाखवण्यासारखं भरपूर आहे. मर्लला फक्त न कळणं आणि मग कळणं दाखवायचं आहे.

तिसरा 'लिडिया' (१९४१), दिग्दर्शक ज्युलियन दुविविए. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची भूमिका. त्याबद्दल कुणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा.

सांजवात

'दीज थ्री'बद्दल शंभर टक्के सहमत. वायलरने हीच गोष्ट १९६१ मध्ये ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेनला घेऊन मूळ विषयासकट पुन्हा केली, आणि तेव्हा हॉपकिन्सला मार्थाच्या मावशीची भूमिका दिली. दोन्ही लागोपाठ बघितले तर तुमचा मुद्दा आणखी ठळक होतो. ऑड्रीच्या कॅरनबद्दल आपल्याला सतत वाईट वाटत राहतं. मर्लच्या कॅरनचा राग येऊ शकतो, आणि तो येणं गोष्टीला हवंच आहे.

पण 'वुदरिंग हाइट्स' तुम्ही एका ओळीत उरकलात ते पटलं नाही. त्या चित्रपटात ती फिकी पडते असं म्हणायची पद्धत पडली आहे. आठ नामांकनं मिळाली, हीथक्लिफ झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला आणि जेराल्डिन फिट्झजेराल्डला मिळालं, तिला नाही, हेही खरं. पण पटकथेने तिला काय दिलं होतं? बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थरने कादंबरीचा साधारण पूर्वार्धच घेतला, दुसरी पिढी पूर्ण गाळली. काळ मागचा पुढे आणला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. कादंबरीतली कॅथी, म्हणजे मर्लची भूमिका, क्रूर आहे, चिमटे काढते, उपाशी राहून घरादाराला वेठीला धरते. हे सगळं गेल्यावर उरते ती दोन घरांत ओढली जाणारी मुलगी. त्यात ऑलिव्हिएला त्या भूमिकेत व्हिव्हियन ली हवी होती, हे सेटवर सगळ्यांना माहीत. अशा ठिकाणी उभं राहून तिने स्वयंपाकघरातलं, घर सांभाळणाऱ्या नेलीबरोबरचं दृश्य केलं आहे.

ते दृश्य नीट बघा. ती श्रीमंत शेजारी लिंटनशी लग्न करणार असल्याचं नेलीला सांगते, आणि सांगताना स्वतःलाच पटवत असते. एक एक कारण देते, प्रत्येक कारणावर किंचित थांबते, नेलीने होकार द्यावा म्हणून. फ्लोरा रॉब्सन होकार देत नाही. शेवटी 'मीच हीथक्लिफ आहे' हे प्रसिद्ध वाक्य येतं तेव्हा मर्ल ते कबुलीसारखं म्हणत नाही, ती स्वतःच दचकते. विजांचा कडकडाट आहे, संगीत आहे, सगळं भडक आहे, पण तिच्या चेहऱ्यावरचं ते दचकणं अस्सल आहे. तुमच्या 'ऐकणारी नटी' या मांडणीत हे बसतं : इथे ती स्वतःचंच बोलणं ऐकते.

शेवटी बर्फातून चालत जाणारी भुतं दिसतात, त्याचा दोष मात्र तिच्या किंवा वायलरच्या माथी मारू नका. वायलरने ते चित्रित करायला नकार दिला होता. गोल्डविनने बदली माणसं घेऊन ते पाठमोरं चित्रित करवून घेतलं.

चौकट

अभिनयाची चर्चा चालू आहे म्हणून प्रकाशयोजनेबद्दल लिहितो, कारण 'थंड' आणि 'मुखवट्यासारखा चेहरा' या शेऱ्यांत दिव्यांचा वाटा मोठा आहे.

१९४० मध्ये मर्लच्या चेहऱ्याच्या त्वचेला गंभीर इजा झाली. सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधाची उलटी प्रतिक्रिया अशी दोन्ही कारणं दिली जातात. न्यूयॉर्कला त्वचा घासून काढण्याचे उपचार झाले, पण बारीक खळगे आणि व्रण राहिले. १९३७ चा लंडनचा मोटार अपघात वेगळा. जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'आय, क्लॉडियस' बंद पडला तो त्या अपघातानंतर. या दोन गोष्टी लिहिणारे बऱ्याचदा एकत्र करतात.

१९४४ च्या 'द लॉजर'ला छायाचित्रकार ल्युसिअन बॅलर्ड होता. त्याने तिच्यासाठी कॅमेऱ्यावर, भिंगाच्या अगदी लगत, एक छोटा दिवा बसवला. तिच्याच नावावरून त्याला 'ओबी' म्हणतात, आणि हा शब्द छायाचित्रकारांमध्ये आजही चालतो. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं.

हा दिवा काम कसा करतो? खळगा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की खळग्याची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि दोन्हींमधल्या फरकामुळे डोळ्याला खोली कळते. दिवा भिंगाच्या रेषेतच असेल तर जी सावली पडेल ती वस्तूच्या बरोबर मागे पडते, म्हणजे भिंगाला दिसतच नाही. खळगा जागच्या जागी राहतो, फक्त त्याची सावली नाहीशी होते.

असा दिवा लावताना क्रम महत्त्वाचा. आधी बाजूचा मुख्य प्रकाश लावून चेहऱ्याला आकार द्यायचा. मग भिंगाजवळचा दिवा हळूहळू वाढवत न्यायचा आणि खळगे बुजल्याबरोबर थांबायचं. तिथून पुढे गेलं की नाक, गाल आणि हनुवटी एकाच पातळीवर येतात आणि चेहरा कागदासारखा सपाट होतो.

दुसरी अडचण अंतराची. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. नटी कॅमेऱ्यापासून ८ फुटांवरून ४ फुटांवर आली तर त्या दिव्याचा प्रकाश तिच्यावर चौपट होतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप (प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप). चालत येता येता तो कुणीतरी जाळीने किंवा डिमरने उतरवत न्यावा लागतो. बरोबर जमलं नाही तर ती पुढे येताना उजळत जाते, किंवा सोपा मार्ग म्हणून तिला एका जागी उभं केलं जातं. १९४४ नंतरच्या तिच्या चित्रपटांत जवळच्या शॉटमध्ये ती फारशी हलत नाही, त्यामागे हेही एक कारण असणार असं माझं मत आहे.

त्या नियमाचा फायदाही आहे. तिच्या मागची भिंत कॅमेऱ्यापासून १६ फुटांवर असेल तर तिथे याच दिव्याचा प्रकाश ८ फुटांवरच्या चौथाईच पोहोचतो. म्हणून 'द लॉजर'सारख्या धुक्याच्या, अंधाऱ्या चित्रपटात तिचा चेहरा स्वच्छ राहतो आणि मागचं लंडन काळंच राहतं.

पडद्यावर हे ओळखायचं कसं? जवळचा शॉट थांबवा आणि बुबुळाकडे बघा. बाजूच्या दिव्याचा ठिपका बुबुळाच्या कडेला पडतो. ओबीचा ठिपका मधोमध किंवा मध्याच्या जरासा वर दिसतो.

आणि एक सांगायलाच हवं. हा दिवा तिचा रंग उजळ दिसावा म्हणून शोधला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. तो आला तो व्रण झाकण्यासाठी.

शुक्रतारा

चौकट, तपशील उत्तम. शेवटच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबते. दिवा व्रणांसाठी आला हे मान्य. पण रंगाचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या मेकअपमध्ये होताच. 'फॉली बर्जेर' (१९३५) मध्ये तिला 'पौर्वात्य' सुंदरी म्हणून सादर केलं, तिरके डोळे, चकचकीत केस. त्याच वर्षी गोल्डविनने 'द डार्क एंजल'साठी ते सगळं पुसून तिला इंग्लिश खेड्यातली मुलगी केलं. नामांकन कुठल्या रूपाला मिळालं ते बघा.

म्हणून धाग्याच्या मूळ भूमिकेशी मी सहमत नाही. गुपित बाजूला ठेवून काम बघता येणार नाही, कारण गुपित नसतं तर काम मिळालंच नसतं. आणि हे मोघम नाही, कायद्यात लिहिलेलं होतं. अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्याने आशियातला जो मोठा पट्टा बंद केला त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा नव्हे. १९४६ च्या कायद्याने हे सैल झालं, तेही वर्षाला १०० हिंदी माणसांपुरतं. १९३४ मध्ये ती हॉलिवूडच्या उंबरठ्यावर होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून सेन्सॉर संहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. संहितेत गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना मनाई होती. शब्द तेवढेच असले तरी स्टुडिओ आशियाई कलाकारांनाही तोच न्याय लावायचे. 'द गुड अर्थ' (१९३७) मध्ये चिनी नवरा पॉल म्युनी झाल्यावर अ‍ॅना मे वाँगला नायिकेची भूमिका मिळाली नाही. ती केली लुईस रायनरने आणि ऑस्करही तिलाच मिळालं. मर्लने मुंबई सांगितली असती तर मार्च, गॅरी कूपर, ऑलिव्हिए यांच्यासमोर नायिका म्हणून उभं राहणं अशक्य होतं.

व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा, १९१३ चा. तिने ते कधी लपवलं नाही, तिला लपवायची गरजच नव्हती.

इकडे मुंबईत त्याच काळात काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घरातली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीत येऊन 'सुलोचना' झाली आणि मूकपटांची सर्वांत मोठी तारका ठरली. रेने स्मिथची सीता देवी झाली. मर्लही कलकत्त्यात टेलिफोनवर काम करायची असं तिची चरित्रं सांगतात. फरक इतकाच की सुलोचनाचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पडद्याबाहेर चोवीस तास सोंग धरावं लागलं नाही. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार घ्यायला ती स्वतःच्या दोन्ही नावांनिशी उभी होती. मर्लला मात्र १९७८ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, होबार्टला सत्काराला जावं लागलं, ज्या गावात ती जन्मलीच नव्हती.

कृष्णधवल

शुक्रतारा, हे सगळं मान्य, आणि कायद्याचा संदर्भ इतका नेमका दिल्याबद्दल आभार. भूमिका कुठल्या मिळाल्या, कुठल्या मिळूच शकल्या नसत्या, हे गुपिताने ठरवलं. पण मिळालेल्या भूमिकेत तिने काय केलं, ते गुपिताने आपोआप ठरत नाही. तेवढ्याच भीतीत जगणारी दुसरी कुणी वाईट नटीही असू शकली असती. आज जो लेख उघडावा त्यात तिच्या प्रत्येक थबकण्याचा अर्थ 'पकडलं जाण्याची भीती' असा लावलेला असतो. 'दीज थ्री'मधली ती उशिरा वर येणारी नजर वायलरच्या हाताखाली घडवलेली आहे, पुन्हा पुन्हा टेक घेऊन. तिथे श्रेय कारागिरीचं आहे, ते नशिबाला देऊ नये एवढंच म्हणणं.

गारगोटी

वरची चर्चा वाचून ज्यांना हे चित्रपट बघावेसे वाटतील त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना : प्रत कुठली बघता त्यावर मत ठरतं. मर्लच्या बाबतीत तर फारच.

'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) आणि 'डार्क वॉटर्स' (१९४४) यांच्या फुकट फिरणाऱ्या प्रती बहुतेक जुन्या टीव्हीसाठी काढलेल्या १६ मिमी प्रतींवरून आलेल्या आहेत. प्रतीवरून प्रत काढत गेलं की दर पिढीला काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढत जातो आणि मधल्या करड्या छटा गळतात. उजळ भाग आधी जातो. चौकट म्हणतात तसा चेहऱ्यावर समोरून प्रकाश असेल तर कपाळ, गाल, नाक सगळं त्या उजळ भागातच असतं. मग वाईट प्रतीत चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आणि त्यात डोळे-ओठ एवढंच उरतं. शेजारचा पुरुष नट बाजूच्या प्रकाशात असल्याने त्याच्या सुरकुत्या शाबूत राहतात. साहजिकच तो 'जिवंत' आणि ती 'मुखवटा'! हा निकाल प्रयोगशाळेने दिलेला आहे.

तपासायची सोपी खूण : तिच्या गालाचं हाड जिथे संपतं तिथली हलकी करडी उतरण दिसते का बघा. दिसत नसेल तर ती प्रत बंद करा, तिच्यावरून मत बनवू नका.

पडद्याची रुंदीही बघून घ्या. हे चित्रपट १.३७ : १ चौकटीचे. टीव्हीने ते ताणून १६ : ९ केले तर चेहरा साधारण ३० टक्के रुंद होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेच पाहिजेत. टीव्हीतलं हालचाल 'गुळगुळीत' करणारं सेटिंगही बंद करा, ते मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतं आणि पापणीच्या बारीक हालचाली त्यात वाहून जातात.

आवाजाचंही तसंच. युरोपात निघालेल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतात. १०४ मिनिटांचा 'वुदरिंग हाइट्स' मग १०० मिनिटांतच संपतो, आणि आवाज अर्ध्या स्वरापेक्षा थोडासा कमी वर चढतो. मर्लचा आवाज खालच्या पट्टीतला, तिथेच त्याची गोडी. चढला की तो कृत्रिम आणि नाजूक वाटतो. डब्यावर छापलेली लांबी आणि मूळ लांबी ताडून पाहिली की हे लगेच कळतं.

सांजवात

आवाजाचा विषय काढलात ते बरं झालं. तिचे उच्चार फार घासूनपुसून घेतलेले आहेत, स्वर जरा जास्तच पूर्ण. लंडनला तिने मेहनतीने ते कमावले. इंग्लिश उच्चवर्गीय बाईची भूमिका असली की ते चपखल बसतात. अमेरिकन विनोदी चित्रपटात अडतात. 'द काउबॉय अँड द लेडी' (१९३८) मध्ये गॅरी कूपर शब्द गिळत बोलतो आणि ही प्रत्येक शब्द पूर्ण करते, त्यामुळे दोघांची लयच जुळत नाही. लुबिचसारखा दिग्दर्शक असूनही 'दॅट अनसर्टन फीलिंग' (१९४१) मधलं तिचं काम मला बेतास बात वाटतं. विनोद हा तिचा प्रांत नव्हता, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावं.

'लिडिया'बद्दल लिहिते, कारण मूळ धाग्यात तो तसाच सोडलाय. म्हातारी, अविवाहित लिडिया तिच्या जुन्या चाहत्यांना भेटते आणि आठवणी निघतात. दुविविएने स्वतःच्याच १९३७ च्या फ्रेंच चित्रपटाची कल्पना फिरवून घेतली आहे. त्यात एकच नाचाचा समारंभ दोनदा येतो, आधी तिच्या आठवणीतला भव्य, मग प्रत्यक्षातला साधा. मर्ल दोन्हीकडे वेगळी चालते. आठवणीत पाय जमिनीला लागत नाहीत, प्रत्यक्षात गर्दीतून वाट काढताना खांदे आक्रसलेले.

आणि शेवट! ज्याच्यासाठी तिने जन्म काढला तो समोर येतो आणि त्याला ती आठवतच नाही. म्हातारपणाच्या जाड मेकअपखाली चेहरा फारसा हलू शकत नाही, म्हणून ती सगळं मानेने आणि श्वासाने करते. ज्यांना ती थंड वाटते त्यांना आधी हे दाखवा.

चौकट

सांजवात, 'लिडिया'तला खांद्यांचा तपशील अगदी बरोबर.

रंगाबद्दल शुक्रतारांनी जे लिहिलं त्याला तांत्रिक जोड देतो. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. गव्हाळ किंवा तांबूस त्वचा तिच्यावर काळवंडायची, म्हणून जाड पांढरा थर लावावा लागे. मर्ल आली तोवर पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली होती, ती लालही टिपते. कृष्णधवलमध्ये गव्हाळ रंग सहज उजळ करड्यात जायचा. वंशाबद्दल शंका घ्यायला पडद्यावर पुरावाच उरत नव्हता.

टेक्निकलरमध्ये तसं नव्हतं. भिंगामागच्या काचेच्या लोलकाने प्रकाश विभागून तीन वेगळ्या निगेटिव्हवर जायचा. त्यामुळे प्रकाश कित्येक पट जास्त लागायचा आणि त्वचेची छटा, मेकअपची छटा, दोन्ही नोंदल्या जायच्या. वर सांगितलेली डिमरची युक्तीही इथे निकामी, कारण विजेचा दिवा मंद केला की तांबूस होतो. कृष्णधवलमध्ये ते कळत नाही, रंगात लगेच कळतं. कोर्डाने तिला 'द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स' (१९३८) मध्ये टेक्निकलरमध्ये आणलं. 'अ साँग टू रिमेंबर' (१९४५) मधली जॉर्ज सँडही रंगीतच. दोन्हींत तिच्या चेहऱ्याचा आणि गळ्याचा रंग जुळतो का, हे बघत बसू नका. त्या काळातल्या जवळपास प्रत्येक रंगीत नायिकेचा जुळत नाही, तिच्या एकटीचा नाही.

पाऊलखूण

धागा आवडला. मी तिचं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू? 'वुदरिंग हाइट्स'पासून केली तर चालेल का?

कृष्णधवल

पाऊलखूण, 'वुदरिंग हाइट्स' तिसरा ठेवा. पहिला 'दीज थ्री', ९३ मिनिटांचा, कुठेही सैल नाही. तो संपल्यावर कोर्टानंतरची दृश्यं एकदा आवाज बंद करून बघा, फक्त तिच्याकडे. मग 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'ची पहिली काही मिनिटं. अ‍ॅन बोलिनला वधस्तंभाकडे नेण्याआधी ती आपले केस जाळीत नीट राहतील ना याची चौकशी करते. पूर्ण चित्रपट चार्ल्स लॉटनचा, त्याला ऑस्करही मिळालं, पण आरंभ तिचा आहे आणि तेवढ्यावरच तिचं नाव झालं. त्यानंतर 'वुदरिंग हाइट्स', सांजवात यांनी सांगितलेलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून. मग 'लिडिया', मग 'द लॉजर'. त्यात लेअर्ड क्रेगरसाठीही बघा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो ३१ व्या वर्षी गेला. शेवटी 'बर्लिन एक्स्प्रेस' (१९४८). युद्धानंतरच्या फ्रँकफर्ट आणि बर्लिनच्या खऱ्या पडझडीत चित्रित झालेला, कॅमेरा पुन्हा बॅलर्डचाच. बाहेरच्या उन्हात आणि आतल्या सेटवर तिचा चेहरा किती वेगळा दिसतो, तो फरक चौकट यांच्या प्रतिसादासमोर ठेवून पाहण्यासारखा आहे.

'देझिरे' (१९५४) घाईने बघायची गरज नाही. ब्रँडो आहे म्हणून लोक बघतात. तिची जोसेफिन चार-पाच दृश्यांपुरती चांगली, बाकी चित्रपट जड आहे.

शुक्रतारा

या यादीत 'हॉटेल' (१९६७) घाला. गाडीखाली माणूस चिरडून पळालेल्या ड्यूकची बायको. हॉटेलचा खासगी गुप्तहेर पैशासाठी धमकवायला येतो आणि ती उभ्या उभ्या त्याच्याशी भाव ठरवते. त्या दृश्यात ऐकणं आहे, भाव करणं आहे, आणि आवाज शेवटपर्यंत एकाच पट्टीत. पन्नाशी उलटलेल्या मर्लला इतकी कणखर भूमिका त्याआधी कुणी दिली नव्हती. प्रत चांगली मिळते आणि रंगीत आहे, तेव्हा गारगोटींच्या बाकीच्या सूचना पाळल्या तरी पुरे.